चार माणसांनी उचलावी अशी मोटार



सिन्नर गावात प्रवासी रेल्वे नाही. आगगाडी धरायची तर नाशिक रोड स्टेशन गाठावे लागते. त्या स्टेशनाच्या फलाटावर किंवा देवळाली, अस्वलीकडच्या एखाद्या फाटकापाशी थांबलेले असताना तुमच्यापैकी काहींनी रुळांवरून जाणारे एक गमतीदार वाहन पाहिले असेल. चार लहान चाके, त्यांवर एक फळी, फळीवर बाक, बाकाशेजारी लाल निशाण आणि डोक्यावर मोठी छत्री. बाकावर रेल्वेचा अधिकारी बसलेला असतो. त्याची नजर रुळांवर, सांध्यांवर आणि खडीवर खिळलेली असते. मागून दोन माणसे चक्क रुळाच्या माथ्यावरून धावत हे वाहन ढकलतात आणि त्याला वेग आला की टुणकन उडी मारून त्यावरच बसतात. ही रेल्वेची ट्रॉली. लोहमार्गाची तपासणी करण्यासाठी ती आजही वापरली जाते.

या ट्रॉलीला एक लहानसे इंजिन बसवले की तिची मोटर ट्रॉली होते. जगभरच्या रेल्वेंनी शंभराहून अधिक वर्षे अशा रुळांवरच्या मोटारी वापरल्या. त्यांतील कित्येक आता संग्रहालयांत जाऊन बसल्या आहेत आणि हौशी लोक त्यांच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती करतात. अशी प्रतिकृती तुम्हालाही शाळेत करता येईल. मात्र ती करण्याआधी मूळ वाहनाचा स्वभाव समजून घेऊ या.

व्याख्येत माणसे कशी आली?

आपल्या रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांत ट्रॉलीची व्याख्या दिलेली आहे. ती मोठी वाचनीय आहे. तिच्यात ट्रॉलीची लांबी दिलेली नाही, रुंदी नाही, किलोग्रॅममध्ये वजनही नाही. जे वाहन चार माणसांना रुळांवरून सबंध उचलून बाजूला ठेवता येते ती ट्रॉली. तसलेच पण त्याहून जड असेल तर ती लॉरी. आणि जी ट्रॉली मोटरच्या शक्तीने आपली आपण चालते ती मोटर ट्रॉली. असा त्या व्याख्येचा आशय आहे.

म्हणजे मोटर ट्रॉली ही आधी ट्रॉली आहे, मग मोटार आहे. तिच्यावर इंजिन बसवा, पेट्रोलची टाकी बसवा, ब्रेक बसवा. पण चार माणसांना ती उचलता आलीच पाहिजे. असा आग्रह का, हे कळले की या वाहनाचे सगळे शास्त्र कळले असे समजा.

कारण असे आहे. रुळांवरच्या वाहनाला बाजूला वळता येत नाही. रस्त्यावर समोरून ट्रक आला तर सायकलवाला कडेला सरकतो. रुळांवर कडच नाही. समोरून गाडी आली तर ट्रॉलीला एकच वाट उरते, ती म्हणजे माणसांच्या हातांवरून रुळांबाहेर जाण्याची!

थोडा इतिहास

जर्मनीत कार्ल ड्राइस याने १८१७ साली दोन चाकांचे, पायांनी जमीन रेटत चालवायचे वाहन तयार केले. ते आपल्या सायकलचे पूर्वज होय. त्याच्याच नावावरून रुळांवरच्या लहान तपासणी-गाडीला युरोपात ‘ड्रेझिन’ असे नाव पडले. अमेरिकेत जॉर्ज शेफील्ड याने १८७९ साली तीनचाकी रेल्वे-सायकलचे पेटंट घेतले. हातापायांच्या जोरावर एकटा माणूस ती रुळांवरून पळवू शकत असे.

यानंतर आले पेट्रोलचे इंजिन. वाफेच्या इंजिनाला बॉयलर लागतो, कोळसा लागतो, पाणी लागते. एवढा संसार चार माणसांनी उचलण्याजोग्या गाडीवर मांडणार कसा? पेट्रोलच्या इंजिनात इंधन सिलिंडरच्या आतच जळते, त्यामुळे बॉयलरची गरज नाही. गॉटलिब डेमलर याने १८८७ साली जर्मनीतील कानश्टाट येथे आपले इंजिन एका लहानशा ट्रामगाडीला बसवून ती रुळांवर चालवून दाखवली.

पुढे दोन वाटा फुटल्या. एक वाट मोठ्या, प्रवासी वाहून नेणाऱ्या मोटारगाड्यांची. इंग्लंडच्या नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने १९०३ साली यॉर्क येथे पेट्रोल-विद्युत गाडी बांधली. तिच्यात पेट्रोलचे इंजिन जनित्र फिरवी आणि त्या विजेवर चाकांच्या मोटरी चालत. आजची डिझेल-विद्युत इंजिने याच तत्त्वावर चालतात. अमेरिकेत विल्यम मॅकीन याच्या टोकदार नाकाच्या, जहाजासारख्या गोल खिडक्यांच्या मोटारगाड्या १९०५ पासून धावू लागल्या. आपल्याकडे कालका-सिमला या डोंगरी मार्गावर इंग्लंडच्या ड्र्यूरी कंपनीच्या छोट्या मोटारगाड्या आल्या.

दुसरी वाट लहान मोटर ट्रॉलींची. अमेरिकेतील फेअरमाँट गावी १९०९ साली अशा मोटारी करणारी एक कंपनी स्थापन झाली आणि पुढे ती या धंद्यात फार नावाजली. तिच्या जुन्या मोटारींना एकाच सिलिंडरचे दोन-टप्पी इंजिन असे. इंजिनापासून आसापर्यंत पट्टा लावलेला असे. तरफ ओढली की पट्टा ताणला जाई आणि गाडी चालू लागे; तरफ सोडली की पट्टा सैल पडून इंजिन नुसतेच फिरत राही. या दोन-टप्पी इंजिनाला झडपांची यंत्रणा नसल्यामुळे, ठिणगीची वेळ बदलली की ते उलट दिशेनेही फिरू शके. मग उलट जाण्यासाठी निराळे दातेरी चक्र कशाला हवे? प्रत्येक सुटा भाग गाळला की वजन कमी होते, आणि वजन कमी म्हणजे उचलणे सोपे.

आपल्या नाशिकचाही या इतिहासात थोडा वाटा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाशिक शहर आणि नाशिक रोड स्टेशन यांच्यामध्ये ट्राम सुरू झाली. तिच्या रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मि.मी. होते आणि सुरुवातीला तिचे डबे घोडे ओढत. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंजिनिअर तिच्या उभारणीचा सल्लागार होता. पुढे त्यानेच बार्शी लाइट रेल्वे उभारली. नाशिकची ती ट्राम १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत बंद पडली.

घोडा, माणूस आणि मोटार

सपाट रुळांवर ट्रॉली ढकलायला किती जोर लागतो? पोलादी चाक पोलादी रुळावर फिरताना फारच थोडा विरोध होतो. समजा, माणसांसह ट्रॉलीचे वजन ५०० किलोग्रॅम आहे आणि विरोध वजनाच्या हजारात ५ भाग आहे. मग ढकलायला लागणारे बल असे:

५०० × ९.८ × ०.००५ = सुमारे २५ न्यूटन.

ताशी १० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २.८ मीटर वेगाने जायचे तर शक्ती लागेल २५ × २.८ = ७० वॅट. एक धडधाकट माणूस सतत सुमारे ७५ वॅट शक्ती देऊ शकतो. म्हणजे सपाटीवर हे काम एका माणसाच्या आवाक्यातले आहे.

आता कसारा ते इगतपुरी हा थळ घाट घ्या. हा मार्ग १८६५ साली सुरू झाला. त्याचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर गेल्यावर गाडी १ मीटर वर चढते. आजही तेथे मुंबईकडून येणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने जोडावी लागतात. आपल्या ट्रॉलीला या चढावर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध लागणारे बल:

५०० × ९.८ ÷ ३७ = सुमारे १३२ न्यूटन.

शिवाय सपाटीवरचे २५ न्यूटन आहेतच. एकूण १५७. दोन माणसे मिळून १५० वॅट देतील, तर वेग मिळेल १५० ÷ १५७, म्हणजे सेकंदाला जेमतेम एक मीटर. हा झाला चालण्याचाही मंद वेग, आणि तोही घामाघूम होऊन! त्याच चढावर ताशी ३० किलोमीटर वेग हवा असेल तर १५७ × ८.३ = सुमारे १३०० वॅट लागतील. म्हणजे पावणेदोन अश्वशक्ती. एक छोटेसे इंजिन हे काम सहज करते. मोटर ट्रॉली का जन्मली याचे उत्तर या तीन ओळींच्या गणितात आहे.

सिग्नलला न दिसणारी गाडी

आता या वाहनाची सर्वांत गंभीर बाजू पाहू.

बऱ्याच ठिकाणी रुळांमधून अगदी थोड्या दाबाचा विद्युत प्रवाह सोडलेला असतो. आगगाडी त्या भागात शिरली की तिची लोखंडी चाके आणि आस दोन्ही रूळ एकमेकांना जोडतात. प्रवाह तिकडूनच परत फिरतो, पुढच्या रिले नावाच्या विद्युत-कळीला तो मिळत नाही आणि सिग्नल लाल होतो. तार तुटली किंवा रूळ मोडला तरीही प्रवाह थांबतो आणि सिग्नल लालच होतो. बिघाड झाला तर तो सुरक्षिततेच्या बाजूने व्हावा, अशी ही सुंदर योजना आहे.

ट्रॉलीची चाके मात्र मुद्दाम विद्युतरोधक ठेवलेली असतात. तसे नसते, तर दर वेळी ट्रॉली रुळांवर ठेवताच सिग्नल लाल झाले असते आणि उचलताच बदलले असते. गाड्यांची वाहतूक विस्कळीत झाली असती. पण याचा अर्थ काय झाला? रुळांवर ट्रॉली आहे हे सिग्नलला कळतच नाही. येणाऱ्या गाडीच्या चालकाला सिग्नल हिरवाच दिसू शकतो.

म्हणून मोटर ट्रॉलीच्या वापरासाठी काटेकोर नियम केलेले आहेत. ती चालवणारा माणूस त्यासाठी पात्र ठरलेला असावा लागतो आणि दिवसा लाल निशाण, रात्री लाल दिवा दाखवावा लागतो. पण शेवटचा उपाय एकच आहे: डोळे, कान आणि चार माणसांचे हात.

आता पुन्हा पाटी-पेन्सिल घ्या. ट्रॉली ताशी ३० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर वेगाने चालली आहे. ६०० मीटरवर वळणाआडून गाडी दिसली. तिचा वेग ताशी १०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. ट्रॉली जिथे थांबेल तिथे गाडी पोहोचायला वेळ किती? अंदाजे ६०० ÷ २७.८ = २१ ते २२ सेकंद.

ट्रॉली थांबायला किती वेळ लागेल? पावसाने ओल्या झालेल्या रुळांवर घर्षणाचा गुणांक ०.१ धरू. मग वेग दर सेकंदाला ०.१ × ९.८ = ०.९८ मीटरने कमी होईल. थांबायला लागतील सुमारे साडेआठ सेकंद आणि तेवढ्यात ट्रॉली ३५ मीटर पुढे गेलेली असेल. गाडी दिसून ब्रेक लावेपर्यंत एक सेकंद गेला. उरले सुमारे बारा सेकंद. आणि ट्रॉली गाडीच्या दिशेनेच पुढे सरकली असल्यामुळे त्यांतूनही एक-दीड सेकंद वजा होतो. उरलेल्या दहा-अकरा सेकंदांत चौघांनी खाली उतरायचे, चार कोपरे धरायचे, एकदम उचलायचे, खडीवरून पाय न घसरता बाजूला व्हायचे आणि ट्रॉली रुळांपासून दूर ठेवायची.

घाटाच्या उतारावर तर गुरुत्वाकर्षण ब्रेकच्या विरुद्ध काम करते. ०.१ मधून १/३७, म्हणजे ०.०२७ वजा जातात. उरतात ०.०७३. थांबायचे अंतर ३५ मीटरवरून ४८ मीटर होते. म्हणून उतारावर वेग आधीच कमी ठेवावा लागतो.

आता सांगा, ट्रॉली २० किलोग्रॅमने जड झाली तर काय बिघडले, असे कोणी म्हणाले तर तुम्ही काय उत्तर द्याल? ते २० किलोग्रॅम त्या दहा सेकंदांत उचलायचे असतात.

छायाचित्रावरून मापे

प्रतिकृती करायची तर मापे हवीत. पण त्यासाठी रुळांवर मुळीच जायचे नाही. परवानगीवाचून लोहमार्गावर जाणे हा कायद्याने गुन्हा आहे आणि जिवाला धोका तर आहेच. मापे घेण्याची एक सुरक्षित आणि शास्त्रीय युक्ती आहे.

आपल्या ब्रॉड गेज मार्गावर दोन रुळांच्या आतल्या कडांमधील अंतर १६७६ मि.मी. असते. ही आपली आयती मोजपट्टी! ट्रॉलीचे अगदी समोरून काढलेले छायाचित्र मिळवा. पुढच्या चाकांखाली रुळांमधले अंतर छायाचित्रात ४२ मि.मी. भरले आणि पुढच्या फळीची रुंदी ४० मि.मी. भरली, असे समजा. मग खरी रुंदी:

४० × १६७६ ÷ ४२ = सुमारे १५९६ मि.मी.

एक काळजी घ्या. मोजपट्टी आणि मोजायची वस्तू कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असल्या पाहिजेत. दूरचे रूळ जवळ आल्यासारखे दिसतात हे तुम्हाला माहीतच आहे. म्हणून रुळांमधले अंतर पुढच्या चाकांखालीच मोजायचे.

जुन्या मोटारींचा जीर्णोद्धार करणारेही बरेचसे असेच काम करतात. यॉर्कच्या १९०३ च्या गाडीचा सांगाडा कित्येक वर्षे सुटीत राहण्याचे घर म्हणून वापरात होता. १९१० ची एक मॅकीन मोटारगाडी तर आधी खाणावळ आणि मग नळांच्या सामानाचे दुकान झाली होती! अभ्यासकांनी उरलेल्या भागांची मापे, जुनी छायाचित्रे आणि आराखडे यांचा मेळ घातला. मॅकीन गाडी २०१० मध्ये अमेरिकेतील कार्सन सिटीच्या संग्रहालयात आणि यॉर्कची गाडी २०१८ मध्ये पुन्हा रुळांवर धावली.

प्रमाण कोणते निवडावे?

बाजारात मिळणाऱ्या छोट्या आगगाड्या बहुधा ८७ ला १ या प्रमाणाच्या असतात आणि त्यांच्या रुळांमधले अंतर १६.५ मि.मी. असते. पुण्यात कोथरूडला १९९८ साली सुरू झालेले जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे, ते जरूर पाहा. पण एक गंमत तपासून बघा. १६.५ ला ८७ ने गुणले तर उत्तर येते सुमारे १४३५ मि.मी. हे अंतर युरोप-अमेरिकेतील रुळांचे आहे, आपले नव्हे. आपल्या १६७६ ला ८७ ने भागले तर १९.३ मि.मी. येतात. म्हणजे भारतीय गाडीची ८७ ला १ प्रमाणाची प्रतिकृती बाजारातील तयार रुळांवर ठेवली की रूळ प्रमाणापेक्षा अरुंद होतात.

आपण १० ला १ हे प्रमाण घेऊ. भागाकार सोपा आणि हाताने काम करायला सोयीचे. मग मुख्य मापे अशी होतील: रुळांमधले अंतर १६८ मि.मी.; स्लीपरची लांबी २७५ मि.मी., कारण खरी २७५० मि.मी. असते, दोन स्लीपरांच्या मध्यांतील अंतर ६० मि.मी.; रुळाची उंची साधारण १६ मि.मी.

प्रतिकृती करू या

१. रूळ: सुताराकडून १६ मि.मी. उंचीच्या सरळ लाकडी पट्ट्या आणा. जाड पुठ्ठ्याचा बरोबर १६८ मि.मी. लांबीचा तुकडा कापून ठेवा. प्रत्येक स्लीपरवर हा तुकडा मध्ये धरूनच पट्ट्या चिकटवा. रेल्वेचे कामगारही असेच ठराविक मापाचे साधन धरून रुळांमधले अंतर तपासतात.

२. चाके: पातळ प्लायवुडची किंवा जाड पुठ्ठ्याची, ४० मि.मी. आणि ४६ मि.मी. व्यासाची प्रत्येकी चार वर्तुळे कापा. एक लहान आणि एक मोठे वर्तुळ एकमेकांना चिकटवले की कडा असलेले चाक तयार होते. ही मोठी कड रुळाच्या आतल्या बाजूला राहिली पाहिजे. आसासाठी सायकलचा जुना स्पोक चालेल. समोरासमोरच्या दोन कडांच्या बाहेरच्या बाजूंतील अंतर १६५ मि.मी. ठेवा, म्हणजे चाके रुळांत अडकणार नाहीत.

३. सांगाडा: बांबूच्या कामट्या किंवा हलक्या लाकडाच्या दोन लांब आणि तीन आडव्या पट्ट्या. त्यावर फळी व बाक. चार कोपऱ्यांना उचलण्यासाठी चार मुठी ठेवायला विसरू नका.

४. चलनयंत्रणा: खेळण्यातली लहान मोटर, एक सेल आणि पट्ट्याऐवजी रबर बँड. मोटर एका हलत्या पट्टीवर बसवा. पट्टी मागे ओढली की रबर ताणले जाईल, पुढे सोडली की सैल पडेल. जुन्या मोटर ट्रॉलीची तरफ तुम्ही तयार केलीत!

हे करताना एक छोटा प्रयोग करा. चहाचे दोन कागदी कप तोंडाला तोंड लावून चिकटवा आणि उतरत्या रुळांसारख्या धरलेल्या दोन काठ्यांवरून घरंगळत सोडा. कप डावीकडे गेले तर आपोआप मध्यावर परत येतात. आता दुसरे दोन कप बुडाला बूड लावून चिकटवा आणि सोडा. ते लगेच घसरून पडतात. आगगाडीची चाके पहिल्या जोडीसारखी, आतल्या बाजूला किंचित जाड अशी निमुळती असतात. गाडी रुळांवर राहते ती मुख्यतः या आकारामुळे. कड ही शेवटची राखण आहे.

गोंदेश्वराच्या शिखरावरचा धडा

सिन्नरच्या मुलांनी गोंदेश्वराचे मंदिर पाहिले नाही असे होणार नाही. यादवकाळातील हे मंदिर भूमिज शैलीचे आहे. त्याच्या शिखराकडे नीट पाहा. मोठ्या शिखराच्या अंगावर छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी वर चढत गेल्या आहेत आणि वर जाताना त्या लहान होत जातात. म्हणजे शिखरावर शिखराच्याच दगडी प्रतिकृती आहेत!

समजा, दोन शिखरे हुबेहूब एकाच आकाराची आहेत आणि लहान शिखराची उंची मोठ्याच्या एक दशांश आहे. मग लहान शिखराचे वजन किती? एक दशांश नव्हे. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दहापटीने कमी झाल्या, म्हणून वजन १० × १० × १०, म्हणजे हजारपटीने कमी होते. हाच नियम आपल्या ट्रॉलीला लावा.

एका माणसाने ४० किलोग्रॅम उचलायचे ठरवले, तर चौघांच्या ट्रॉलीचे वजन १६० किलोग्रॅमच्या आत हवे. तीच सामग्री वापरून केलेल्या प्रतिकृतीचे वजन १६० ग्रॅम भरले पाहिजे. तुमची प्रतिकृती किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा. समजा ती ५०० ग्रॅम भरली. हजाराने गुणा. झाले ५०० किलोग्रॅम! दिसायला ती ट्रॉली आहे, पण नियमाप्रमाणे ती लॉरी झाली. आता कोठे काटछाट करायची ते शोधा.

‘पण आम्ही तर ती एका बोटाने उचलतो,’ असे तुम्ही म्हणाल. इथेच प्रतिकृती फसवते. माणसाचे बळ स्नायूच्या जाडीवर, म्हणजे क्षेत्रफळावर अवलंबून असते. दहापटीने लहान केलेल्या माणसाचे बळ शंभरपटीने कमी होईल, पण त्याच्या ट्रॉलीचे वजन हजारपटीने कमी झालेले असेल. म्हणून असे चार बुटके आपली ट्रॉली सहज डोक्यावर घेऊन नाचतील. मुंगी स्वतःहून जड दाणा नेते त्याचेही हेच रहस्य. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा विचार मांडला होता. लहान प्रतिकृती मजबूत ठरली म्हणून मोठी वस्तूही मजबूत ठरेल असे नाही.

काय बदलते, काय बदलत नाही

काही गोष्टी मात्र प्रमाणाने बदलत नाहीत. कोन बदलत नाही. ३७ ला १ हा चढ प्रतिकृतीतही ३७ ला १ च राहतो. घर्षणाचा गुणांकही आकारावर नव्हे, तर पृष्ठभागांवर अवलंबून असतो. चाके दोऱ्याने बांधून घट्ट करा आणि रुळांचे एक टोक हळूहळू उचला. ज्या क्षणी गाडी घसरू लागेल, त्या क्षणी टोकाची उंची भागिले आडवे अंतर हा तुमचा घर्षणाचा गुणांक. कोरड्या रुळांवर मोजा, मग रुळांवर तेलाचा हात फिरवून मोजा.

वेग कसा कमी करायचा? अंतर दहापटीने कमी झाले तरी गुरुत्वाकर्षण तेच राहते. म्हणून वेग आणि वेळ १० च्या वर्गमुळाने, म्हणजे ३.१६ ने भागायचे. सेकंदाला ८.३ मीटरऐवजी सुमारे २.६ मीटर. घर्षण गुणांक ०.१ असेल तर या वेगाने जाणारी प्रतिकृती साडेतीन मीटरवर थांबेल. बरोबर ३५ मीटरचा दहावा भाग! आणि दहा-अकरा सेकंदांचे होतील सुमारे साडेतीन सेकंद. मित्राला घड्याळ धरायला सांगा आणि ‘गाडी!’ अशी आरोळी ऐकताच तेवढ्या वेळात प्रतिकृती थांबवून रुळांबाहेर ठेवून पाहा.

शेवटचा प्रयोग. दोन्ही रुळांच्या माथ्यावर चकाकत्या धातूच्या कागदाच्या पट्ट्या लावा. एका पट्टीला सेल आणि दुसरीला विजेरीचा बल्ब जोडून मंडल तयार करा. रुळांवर आडवी लोखंडी सळी ठेवा. बल्ब लागेल, ही झाली आगगाडी. सळी काढून तुमची लाकडी चाकांची ट्रॉली ठेवा. बल्ब लागत नाही. खऱ्या मार्गावर योजना उलटी असते, प्रवाह थांबला की धोका दर्शवला जातो, हे लक्षात ठेवा. पण मुद्दा तोच: विजेला ट्रॉली दिसत नाही.

शिक्षकांसाठी एक सूचना. पाच-सहा विद्यार्थ्यांचा एक गट करून हे काम सहज होण्यासारखे आहे. प्रदर्शनात प्रतिकृतीशेजारी एक पाटी लावावी. तिच्यावर प्रमाण, प्रतिकृतीचे वजन, त्याची हजारपट, आणि त्यावरून ती ट्रॉली ठरते की लॉरी, हे विद्यार्थ्यांच्या हस्ताक्षरात असावे. रंगरंगोटीपेक्षा या चार ओळींना अधिक गुण द्यावेत.

पुढच्या वेळी नाशिक रोडच्या फलाटावर उभे असताना लाल निशाण लावलेली ती छोटी गाडी दिसली, तर तिच्यावरची माणसे मोजा. त्यांच्यातला प्रत्येक जण त्या यंत्राचा भाग आहे.

सोडवून पाहा

१. प्रतिकृतीचे प्रमाण २० ला १ घेतले, तर १६० किलोग्रॅमच्या ट्रॉलीची प्रतिकृती किती ग्रॅमची व्हावी?

२. वर दिलेल्या ओल्या, सपाट रुळांवर ट्रॉलीचा वेग निम्मा केला, तर थांबण्याचे अंतर किती होईल? ते निम्मे का होत नाही?

३. नाशिकच्या जुन्या ट्रामची १० ला १ प्रमाणाची प्रतिकृती करायची आहे. रुळांमधले अंतर किती ठेवाल?